बॅटरी गेली, अल्टरनेटर गेला, की नुसता पट्टा ओरडतोय?

सकाळी गाडी चालू झाली नाही की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी गेली". मग कोणीतरी जंप देतं (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून), गाडी चालू होते, आणि संध्याकाळपर्यंत नवीन बॅटरी बसलेली असते. काही दिवसांनी परत तेच, आता "अल्टरनेटर गेला", मग तोही (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलला जातो आणि तरी गाडी एखाद्या सकाळी नुसती टकटक करून गप्प बसते. लोकांचा असा पैसा जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण हे शोधायला लागतं काय, तर एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर. म्हणून आज सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

माझं म्हणणं एकच आहे. बॅटरी, अल्टरनेटर, मधल्या वायरी आणि पट्टा हे चार वेगवेगळे प्रॉब्लेम समजून बघितलं की माणूस चुकतो, ते सगळं मिळून एकच सर्किट आहे, आणि बोनेटखालून येणारा आवाज हेसुद्धा त्याच सर्किटचं एक रीडिंग आहे. एका टोकाला दुखतं आणि दुसऱ्या टोकाला कळ येते असं यात सारखं होतं. त्यामुळे जो पार्ट ओरडतोय तोच खराब आहे असं धरून चालू नका.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते. इंजिन फिरलं की पट्ट्याने अल्टरनेटर फिरतो. आतल्या रोटरला कार्बन ब्रशमधून थोडासा करंट मिळतो त्यामुळे तो चुंबक होतो, तो फिरला की बाहेरच्या स्टेटरच्या तीन वाइंडिंगमध्ये एसी (उलटसुलट वाहणारा करंट) तयार होतो, डायोड त्याचा डीसी (एकाच दिशेचा) करतात आणि रेग्युलेटर रोटरचा करंट कमीजास्त करून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारण्यापुरतं. सेल्फ दीडदोनशे अँपिअर सहज ओढतो, डिझेलला त्याहून जास्त, पण अगदी एकदोन सेकंदच. हिशोब करून बघा, दोनशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे जेमतेम ०.११ अँपिअर-तास. एवढं तर अल्टरनेटर पुढच्या काही मिनिटांत भरून काढतो. म्हणजे बॅटरी वारंवार उतरत असेल तर "सारखा सेल्फ मारला म्हणून" हे कारण बहुतेक वेळा खरं नसतं, एकतर चार्ज पोचत नाहीये, नाहीतर गाडी उभी असताना कोणीतरी करंट पितंय, नाहीतर बॅटरीच आता साठवून ठेवू शकत नाहीये. या तिन्हीपैकी नेमकं कुठलं हे अंदाजाने कळत नाही, मोजलं की मात्र लगेच कळतं.

मीटर हातात घ्यायच्या आधी कान वापरा. हेडलाइट चालू ठेवून चावी फिरवा आणि आवाज आणि दिवे दोन्हीकडे एकदम लक्ष द्या. भराभर टकटकटकटक असा आवाज आला आणि दिवे पार मंद झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे, कारण सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, त्यासरशी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत ओढला जातो, असं ते चक्र चालू राहतं. एकच जोरात "ठक्" आणि पुढे शांतता, पण दिवे तसेच लख्ख, म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये किंवा सेल्फचे कार्बन ब्रश संपलेत. तोच "ठक्" पण दिवे एकदम बसले, तर बॅटरीत जोर नाही किंवा सेल्फ जाम आहे. सेल्फ झुंईंईं करून मोकळाच फिरला आणि इंजिन हललंच नाही तर सेल्फची पिनियन (छोटं दातेरी चाक) इंजिनच्या दात्यांत बसत नाहीये, तिथे बॅटरीचा काही संबंध नाही. आणि इंजिन नेहमीसारखं जोमाने फिरतंय पण पेट घेत नाहीये, तर बॅटरीचा नाद सोडा, पेट्रोल-डिझेल किंवा स्पार्कच्या बाजूला बघा. काहीच आवाज नाही, दिवे ठीक, तर फ्यूज, रिले, क्लचचा किंवा गिअरचा सेफ्टी स्विच, इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं इलेक्ट्रॉनिक कुलूप) या दिशेने जायचं.

आता मीटर. डीसी व्होल्टवर ठेवा, २० ची रेंज. पहिलं रीडिंग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार सुद्धा कमीत कमी उघडझाप करून घ्यायचं. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की ती जवळपास रिकामीच समजा, "१२ व्होल्टची बॅटरी आहे आणि १२ दाखवतेय, म्हणजे ठीक आहे" हा फार मोठा गैरसमज आहे. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकून बसत असेल तर एक सेल मेलेला असायची दाट शक्यता, तिथे पुढे वेळ घालवू नका. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर हे रीडिंग फसवं येतं, वरवरचा चार्ज असतो, बॅटरी १२.९ सुद्धा दाखवेल. तेव्हा सकाळपर्यंत थांबता येत नसेल तर इंजिन बंद ठेवून दोनतीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

पण नुसतं उभ्या बॅटरीचं व्होल्टेज म्हणजे अर्धीच गोष्ट. म्हातारी बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवू शकते आणि सेल्फ मारला की ८ वर येते. म्हणून दुसरं रीडिंग सेल्फ मारताना, दुसऱ्या कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. इंजिन फिरत असताना ९.६ च्या खाली जाऊ नये, चांगली बॅटरी सहसा १० च्या वरच राहते. बॅटरी भरलेली आहे आणि तरी ९ च्या खाली आपटतेय, तर तिचे दिवस भरलेत. आणि उलटं, बॅटरी ११ च्या वर मजेत आहे पण इंजिन रडतरडत फिरतंय, तर ते रीडिंग काहीतरी फार महत्त्वाचं सांगतंय, त्यावर खाली येतो.

तिसरं रीडिंग इंजिन चालू असताना बॅटरीवर. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू करा आणि हलकी रेस द्या, साधारण दीडदोन हजार आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), व्होल्टेज १३.५ च्या आसपास तरी टिकलं पाहिजे. आयडलिंगला अल्टरनेटर त्याच्या ताकदीचा काही भागच देतो, त्यामुळे नुसत्या आयडलिंगच्या रीडिंगवर त्याला नापास करू नका. १२.५ वर बसून हळूहळू खाली सरकतंय तर चार्ज होत नाहीये. १५ च्या वर जातंय तर रेग्युलेटर गेलाय, आणि हे कमी चार्जपेक्षा वाईट, बॅटरी तापते, पाणी उडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब एकामागोमाग एक जातात. नवीन गाड्यांमध्ये मात्र जरा सांभाळून. ज्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो तिथे अल्टरनेटर कधी किती द्यायचं हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम १२.८ वर आणून ठेवतो आणि ब्रेक मारताना १५ च्या जवळ नेतो. अशा गाडीचं एकच रीडिंग बघून "अल्टरनेटर गेला" म्हणणं हा त्या अल्टरनेटरवर अन्याय आहे, लोड टाका (दिवे, ब्लोअर वगैरे चालू करा), पाचदहा मिनिटं बघत राहा, मग ठरवा.

आणि एक हात जोडून विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा गाडी चालू राहिली, म्हणजे अल्टरनेटर चांगला" ही टेस्ट कोणी करत असेल तर त्याला थांबवा. अल्टरनेटर जोरात चार्ज देत असताना बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणभर शंभरच्या घरात उडी मारू शकतं, त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, ईसीयू जातो. पूर्वीच्या डायनॅमोच्या, इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाड्यांत हे खपून जायचं, आता नाही. शिवाय चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि तिथेच ठिणगी पाडायची म्हणजे जिवाशी खेळ.

आता तो भाग, जो माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, वायरी आणि अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा करंटचा परतीचा रस्ता. ओळखीतल्या एकांची गाडी होती, बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, दोन्ही एका गॅरेजमध्ये बदलून झालेले, तरी सेल्फ सुस्त, आणि इंडिकेटर दिला की डॅशबोर्डचे दिवे त्याच तालात मिणमिणायचे. सेल्फ मारताना बॅटरीवर मोजलं तर ११.२. म्हणजे बॅटरी दमतच नव्हती, कारण तिच्यातून पुरेसा करंट बाहेरच पडत नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरी थेट इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ. इथे जवळपास शून्य यायला पाहिजे, फार तर ०.२ किंवा ०.३. आलं १.९. सेल्फला मिळायचे जवळजवळ दोन व्होल्ट अर्थच्या वायरमध्येच जिरत होते. ती वायर हाताने चाचपत गेलो, गिअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे. वरून सगळं ठीक दिसत होतं, बोल्ट काढला तर लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरी पावडर आणि गंज, आणि वेणीच्या बहुतेक तारा आतून तुटलेल्या, बोटाने वाकवली तर चुरा झाला. नवीन अर्थ वायर, धातू चकाकेपर्यंत वायर ब्रशने घासलेली जागा, आणि तेच रीडिंग ०.१ वर आलं. त्या दोन नव्या पार्टांची गरजच नव्हती.

या टेस्टला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात आणि ती प्रत्येकाला यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण वायर बघून किंवा ओहममध्ये मोजून हे कळत नाही. एकच जिवंत तार उरली असेल तरी ओहम मीटर "ठीक" म्हणतो, करंट वाहायला लागला तरच खोट दिसते. म्हणून नेहमी लोडखाली मोजायचं. अल्टरनेटरच्या मागच्या जाड पॉझिटिव्ह बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टपर्यंत, इंजिन चालू, दिवे-ब्लोअर चालू, ०.२-०.३ च्या आत. अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्ह पोस्टपर्यंत, ०.२ च्या आत. आणि सगळ्यात सोपी, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर अगदी मधोमध, दुसरी त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर, सेल्फ मारा. तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तर दोघांच्या मधे काळा थर बसलाय, वरून कितीही घट्ट वाटू दे. क्लॅम्प काढा, निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पावडर धुवा (पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका), दोन्ही पृष्ठभाग घासून चमकवा, आवळा. जुन्या गाड्यांत अर्थ गेली की करंट दुसरी वाट शोधतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि ती केबल गरम लागते. सेल्फ मारल्यावर कुठली वायर, लग किंवा केबल हाताला गरम लागतेय का हे बघणं ही सुद्धा टेस्टच आहे, आणि त्याला मीटरही लागत नाही.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी उभी असताना कोण करंट पितंय ते शोधायचं. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबलच्या मधे जोडा, दारं बंद, चावी लांब ठेवा, आणि थांबा. थांबा हे महत्त्वाचं, कारण नवीन गाड्यांचे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) झोपायला वीस मिनिटांपासून तासभर सुद्धा घेतात, तोवर एकदोन अँपिअर दिसले तरी घाबरू नका. मीटर जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे. समजा अर्धा अँपिअर दिसतोय, तर दहा तासांच्या रात्रीत पाच अँपिअर-तास गेले, ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीनचार दिवसांत सेल्फ मारायच्या लायकीची राहणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याने आकडा पडला त्या लाइनवर चोर आहे. बऱ्याचदा बाहेरून बसवलेला स्टीरिओ, कॅमेरा, जीपीएस, नाहीतर डिकीचा न विझणारा दिवा. आणि कुठलाही फ्यूज काढून आकडा पडलाच नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा (बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवून मगच पाना लावा, मग परत जोडून मोजा). त्याने आकडा पडला तर अल्टरनेटरचा डायोड शॉर्ट आहे आणि गाडी बंद असताना बॅटरी उलटी अल्टरनेटरमधूनच रिकामी होतेय.

हा डायोडचा प्रकार चांगल्या चांगल्यांना चकवतो, कारण तीनपैकी एक फेज (वाइंडिंग) अधू झाली तरी चालू इंजिनवर व्होल्टेज १३.८ वगैरे बरं दिसू शकतं. तेव्हा मीटर एसी व्होल्टवर टाका आणि इंजिन चालू, लोड चालू ठेवून बॅटरीवर मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त एसी दिसला तर डायोडवर संशय घ्या. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा पूर्ण पेटत नाही पण अंधारात धुगधुगताना दिसतो, हेही त्याचंच लक्षण. आणि इथेच आवाजाचा विषय सुरू होतो, कारण डायोड गेलेला अल्टरनेटर गुणगुणतो, रेसबरोबर चढणारी बारीक कुंईंई अशी, आणि रेडिओ चालू असेल तर तीच स्पीकरमधूनही येते. लोक बेअरिंग समजतात.

दोन्ही वेगळं कसं करायचं? लोड बदलून. कान अल्टरनेटरकडे ठेवा आणि दुसऱ्याला हेडलाइट, ब्लोअर, मागचा हीटर एकदम चालू करायला सांगा. गुणगुण लोडबरोबर वाढली आणि लोड काढल्यावर कमी झाली तर कारण इलेक्ट्रिकल आहे. घुरघुर, खरखर असा जाडसर आवाज, जो फक्त आरपीएमबरोबर बदलतो आणि दिव्यांना दाद देत नाही, तो बेअरिंगचा. अजून खात्री पाहिजे तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा छोटा कनेक्टर काढा, परत चालू करा, बॅटरीचा दिवा लागेल तो लागू दे, रोटरला करंट मिळाला नाही की इलेक्ट्रिकल गुणगुण गप्प होते, बेअरिंग मात्र बोलतच राहतं.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा आश्चर्य वाटेल इतकं स्वच्छ ऐकू येतं. चांगलं बेअरिंग एकसारखं सुंऽऽ करतं, खराब झालेलं वाळू दळल्यासारखं. मग तसंच टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या) मधल्या बोल्टवर, आयडलरवर (पट्ट्याला दिशा देणारी मोकळी पुली), वॉटर पंपाच्या बॉडीवर, एसी कॉम्प्रेसरवर. सैल बाही, ओढणी, गळ्यातलं काही, लांब केस, सगळं आधी बांधून घ्या, फिरत्या पट्ट्याजवळ दुसरी संधी मिळत नाही.

पट्ट्याच्या ओरडण्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. सकाळी गाडी चालू केल्याकेल्या पाचदहा सेकंद किंचाळणारा पट्टा. सगळे म्हणतात पट्टा बदला, नवा पट्टा बसतो, महिन्याभरात परत किंचाळतो. अहो पण तो सकाळीच का किंचाळतो, दुपारी का नाही? कारण सेल्फ मारल्यानंतर लगेच अल्टरनेटर बॅटरी भरायला जीव तोडून करंट देत असतो, तेव्हा तो फिरायला सगळ्यात जड असतो, आणि पट्टा घसरतो. बॅटरी जितकी उतरलेली तितकं हे किंचाळणं लांबतं. म्हणजे सकाळचा आवाज पट्टा करतोय पण तक्रार बॅटरीची असू शकते, किंवा रात्रीच्या करंट चोराची. आणि उलटही होतं, टेन्शनर सैल, पट्टा घसरतो, अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, बॅटरी अर्धपोटी राहते, आणि दोष बॅटरीला जातो. म्हणून पट्टा किंचाळत असेल तर आधी बॅटरीचं सकाळचं व्होल्टेज घ्या, मग पान्याला हात लावा.

पट्टा आणि पुली यातलं कोण हे बघायला पाणी. स्प्रेच्या बाटलीने चालू इंजिनवर पट्ट्याच्या रेघांच्या बाजूला थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा पट्टा गुळगुळीत. आवाज क्षणभर थांबून परत आला, आणि तो चिवचिव असा तालात येणारा असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. हल्लीचे पट्टे पूर्वीसारखे तडकत नाहीत, ते झिजतात, रेघांमधल्या खाचा रुंद होतात आणि वरून पट्टा नव्यासारखा दिसतो, त्यामुळे "भेगा नाहीत, चांगलाय" हे पुरेसं नाही. पट्ट्यावर कूलंट किंवा ऑइल ठिबकत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर कितीही पट्टे बदला.

इंजिन बंद करून, पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. फिरवताना खडबड लागते का, कडेला धरून हलवली तर खेळ आहे का. खूप सैल, हलका फिरणारा आयडलर सुद्धा संशयास्पद, आतलं ग्रीस संपलेलं असतं. काही अल्टरनेटरची पुली एका दिशेला मोकळी फिरणारी असते, रोटर धरून पुली फिरवली तर एका बाजूला सुटी आणि दुसऱ्या बाजूला रोटरला घेऊन फिरली पाहिजे. ती जाम झाली की टेन्शनरचा दांडा थडथड उडायला लागतो, आणि लोक टेन्शनर बदलतात. पट्टा काढलेल्या अवस्थेत इंजिन वीसतीस सेकंद चालवूनही बघता येतं, त्याहून जास्त नको, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो. आवाज गेला तर तो पट्ट्यावरच्या कोणाचा तरी आहे. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनच्या पोटातला.

आणि पोटातला असेल तर सगळ्यात आधी डिपस्टिक. ऑइल कमी आहे का एवढं बघून मग बाकी. टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) टिकटिक इंजिनच्या निम्म्या वेगाने येते, ८०० आरपीएमला क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) सेकंदाला तेरा वेळा फिरतो तर एका व्हॉल्व्हची टिक साधारण सहासात वेळा, कानाला सवय झाली की हा संथ ताल ओळखता येतो. थंड असताना फट्फट् टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट बघा, धातू तापून फुगला की फट बुजते. ठरावीक आरपीएमलाच खुळखुळ करणारा पातळ आवाज हा बऱ्याचदा हीट शील्डच्या सुटलेल्या स्क्रूचा. चालू केल्यावर दोनचार सेकंद खडखड आणि मग शांत, तर टायमिंग चेनच्या टेन्शनरकडे लक्ष द्या, हे लांबवू नका. आणि खोलवरून येणारी ठकठक, जी रेस सोडताना किंवा हलक्या लोडवर ठळक होते आणि इंजिन तापल्यावर वाढते, ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असू शकते. तो आवाज आला की गाडी तिथेच बंद करायची, टो करून न्यायची. "गॅरेजपर्यंत तरी जाऊ" यात इंजिन गेलेलं आहे लोकांचं.

एक गोष्ट अजून, कमी व्होल्टेजमुळे इंजिन स्वतःच विचित्र वागतं. डॅशबोर्डखाली रिले कटकट करतात, इंजेक्टर उघडायला वेळ लावतात, इंजिन थरथरतं, एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागतात. स्कॅनर लावला की दहा कोड (बिघाडाचे नंबर) येतात आणि दहा सेन्सरची यादी हातात पडते. सेन्सर मागवायच्या आधी ती तीन व्होल्टेज रीडिंग घ्या, कोड पुसा, मग बघा किती परत येतात.

चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला तर आधी तापमानाचा काटा बघा. काटा चढतोय म्हणजे पट्टाच तुटलाय आणि वॉटर पंपही थांबलाय, गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. काटा ठीक असेल तर एसी, ब्लोअर, स्टीरिओ, काचेचा हीटर बंद करून जवळच्या सुरक्षित जागी जा आणि मधे इंजिन बंद करू नका, परत चालू होईलच असं नाही. दिवसा चांगल्या बॅटरीवर अर्धा तास तरी निघतो, रात्री दिवे आणि वायपर चालू असतील तर त्याहून बरंच कमी. स्टिअरिंग मधेच जड होऊ शकतं, तयारीत राहा.

जंप देताना लाल ते लाल, मग काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. गाडी चालू झाली की "आता फिरवून आणतो, होईल चार्ज" असं नका करू. पार उतरलेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नाही, तो तासभर पूर्ण ताकदीने तापत राहतो आणि डायोड तिथेच जातात. चार्जर लावा, रात्रभर, सावकाश. मग सकाळी काढून तासदोन तास तशीच ठेवा आणि मोजा. १२.६ टिकले, सेल्फ मारताना १० च्या वर राहिली, तर ती बॅटरी टाकायची गरज नाही. नवीन घ्यावीच लागली तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका, एजीएम (अ‍ॅसिड काचेच्या जाळीत शोषलेली बॅटरी) असेल तिथे एजीएमच, ईएफबी (साध्या बॅटरीचा मजबूत प्रकार) असेल तिथे निदान ईएफबी, आणि ज्या गाडीत ईसीयूला नवीन बॅटरी बसवल्याचं सांगावं लागतं तिथे ते करून घ्या, नाहीतर तो जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच तिला चार्ज देत राहतो. बसवल्या दिवशीच तिन्ही आकडे, उभी असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना, एका चिठ्ठीवर तारखेसकट लिहून बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी गाडी कुरकुरली की तुलना करायला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.